माय टोल फ्रीच्या मशीनशी अहिराणीत बोलते, मशीन म्हणतं समजलं नाही. माणसाशी बोलायला काय करायचं?

बोरीकाठ_अमळनेर

नमस्कार मंडळी, थोडं मोठं लिहितोय पण पूर्ण वाचा ही विनंती. मी जळगावला एमआयडीसीत कामाला आहे, माय गावी एकटी राहते, वय ७१. आखाजीला घरी गेलो होतो तेव्हाची गोष्ट. दुपारी जेवण करून ओट्यावर पडलेलो, आतून मायचा आवाज येत होता, वाटलं मावशीचा फोन असेल. मग शब्द कानावर पडले, "मना पैसा कटी ग्यात वो बाई, कसाना कटनात ते सांग ना." थोडी थांबली. परत तेच. मग तिसऱ्यांदा तेच पण सावकाश आणि मोठ्याने, ज्याला कमी ऐकू येतं त्याच्याशी आपण बोलतो तसं. आत जाऊन बघितलं तर बँकेचा टोल फ्री नंबर लावलेला आणि स्पीकरवर ती रेकॉर्डवाली बाई, "माफ करा, मला समजलं नाही. कृपया पुन्हा सांगा."

मायला वाटत होतं पलीकडे खरंच कोणी बाई बसलीय.

झालं असं की तिच्या खात्यातून १,४९९ रुपये कापले गेले. मेसेज इंग्रजीत, शेजारच्या पोराने वाचून सांगितलं की कुठल्यातरी विम्याचा हप्ता आहे. मायने विमा काढलेलाच नाही. श्रावणबाळचे महिन्याला १,५०० येतात तिला, म्हणजे पूर्ण महिना गेला. बँकेचं नाव लिहीत नाही, कारण सगळीकडे हेच चाललंय असं मला वाटतं. पूर्वी त्या ब्रँचला काउंटरवर एक नाना होते, ते मायला बघितलं की विचारायचे "काय वहिनी, पोरगा आला का जळगावहून", पासबुक भरून द्यायचे आणि किती आले किती गेले ते तोंडाने सांगायचे. ते रिटायर झाले. आता पासबुकाचं मशीन आहे आणि भिंतीवर बोर्ड. माय काळीपिवळीने तालुक्याला गेली तर आत एकच पोरगा होता, हिंदीवाला, त्याने बोर्डाकडे बोट दाखवलं, "माताजी इसपे कॉल करो". ती तशीच परत आली.

फोनमध्ये बघितलं, चार दिवसांत ११ वेळा तिने तो नंबर लावलेला. एकदा १४ मिनिटं.

मी चिडलो, मीच नंबर लावला, मराठीसाठी अमुक दाबा, खात्यासाठी तमुक दाबा, मग खात्याचा नंबर टाका, मग "आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत", मग फोन कट. तीन वेळा. पण खरं सांगायचं ते हे नाही. रात्री माय म्हणाली, "मनं बोलनं चुकनं का रे भाऊ? ती बाईले आपली बोली समजत नही." आणि सकाळी मी उठलो तर ती चुलीपुढे बसून हळूहळू स्वतःशीच म्हणत होती, "माझे पैसे कापले गेले आहेत. माझे पैसे कापले गेले आहेत." पाठ करत होती. ७१ वर्षांची बाई. मला तिथे थांबवेना, मी बाहेर गेलो.

दोन गोष्टी विचारायच्यात. माणसापर्यंत पोचायचा काही सरळ रस्ता आहे का, कोणाला माहीत असेल तर सांगा. आणि दुसरं, हे फक्त मलाच इतकं लागतंय का?


तापीपट्टा_शिरपूर

नाही भाऊ फक्त तुम्हाला नाही. माझे वडील तर गॅसच्या नंबरला "नमस्कार" म्हणून सुरुवात करतात आणि उत्तर येईपर्यंत थांबतात.


जुनाग्राहक_धुळे

आधी कामाचं सांगतो. फोनच्या नादी लागू नका, कागद करा. साध्या मराठीत अर्ज लिहा की अमुक तारखेला इतके रुपये कापले, मी विम्याला संमती दिलेली नाही, पैसे परत करा आणि पुढचा हप्ता बंद करा. दोन प्रती करा, एकीवर ब्रँचचा शिक्का आणि तारीख घ्या, घेतल्याशिवाय उठू नका. पोचपावती हातात असली की तीस दिवस मोजायचे. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. १२ नोव्हेंबर २०२१ पासून सगळ्या बँकांना मिळून एकच लोकपाल योजना केलीय, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, ऑनलाइन जमत नसेल तर चंदीगडच्या केंद्राला साधं पत्र पाठवलं तरी चालतं. माहिती विचारायला १४४४८ आहे, तिथे सुरुवात मशीननेच होते पण पुढे कामाच्या वेळेत मराठी बोलणारा माणूस मिळतो.

विमा नेमका कसला आहे ते पण काढून घ्या. लाइफ किंवा हेल्थ पॉलिसी असेल तर कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत नको म्हणून परत करता येते. विमा कंपनी ऐकत नसेल तर १५५२५५ हा विमा नियामकाचा नंबर. वस्तू किंवा ऑनलाइन खरेदीची भानगड असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन. आणि ऑनलाइन विकणाऱ्या कंपन्यांना २०२० च्या नियमांनी तक्रार अधिकारी नेमावाच लागतो, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. त्या अधिकाऱ्याचं नाव वेबसाइटवर अगदी खाली बारीक अक्षरात असतं, ते शोधून सरळ त्याच्या नावाने ईमेल टाका, चॅटच्या चौकटीत डोकं फोडत बसू नका. रेल्वेचं १३९ तर त्यातल्या त्यात बरं, ताऱ्याचं बटण दाबलं की माणूस बोलतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. वाचून वाईट वाटलं एवढंच सांगतो.


सातपुडा_धडगाव

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. तुमच्या मायला ते नाना मिळाले, सगळ्यांना नाना मिळाले नाहीत. आम्ही पावरा आदिवासी, घरी पावरी बोलतो. माझा बाप धडगावहून पहाटेच्या गाडीने निघायचा आणि काउंटरला पोचला की पहिला शब्द काय ऐकायचा माहितीये? "ए, लाइनीत थांब." लाइनीतच असायचा तो. मराठी तुटकं म्हणून त्याचा फॉर्म सगळ्यात शेवटी घ्यायचे, मग जेवणाची सुट्टी, मग "उद्या ये". उद्या ये म्हणजे परत भाडं, परत मजुरी बुडवा. एका कागदावर सही घ्यायला तो पाच वेळा गेलेला मला आठवतं, मी लहान होतो, दोनदा त्याच्याबरोबर गेलो होतो आणि बाहेर पायरीवर बसून बघायचो की आत आलेला पांढऱ्या कपड्यातला माणूस थेट टेबलाच्या आत जाऊन बसतो आणि चहा पितो.

मला जेव्हा पहिल्यांदा एटीएममधून पैसे काढता आले तेव्हा खरंच बरं वाटलं होतं, कारण मशीनने माझ्याकडे वरून खाली बघितलं नाही. म्हणून माणूस परत आणा एवढं म्हणून चालणार नाही. कोणता माणूस ते पण बघा.

पण एक आहे. बापाचा अंगठा आता मशीन घेत नाही. आयुष्यभर कुदळ फावडं, रेषाच राहिल्या नाहीत. आधारचा पहिला नंबर आमच्याच जिल्ह्यात, शहाद्याजवळ टेंभलीला दिला होता २९ सप्टेंबर २०१० ला, मोठा कार्यक्रम झाला होता. आणि त्याच जिल्ह्यात बाप आठ आठ वेळा अंगठा पुसून ठेवतो, मशीन नाही म्हणतं, आणि का नाही ते विचारायला समोर कोणी नसतं. काउंटरवाल्याशी भांडता तरी यायचं, एकदा बाप भांडला पण होता आणि काम झालं होतं.


बोरीकाठ_अमळनेर

दादा, राग कशाचा. तुमचं वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. नाना आमच्या ओळखीचे होते, आमच्याच गावकीतले, हे मी लिहिताना विसरून गेलो होतो. त्यांच्याच काउंटरला तुमच्या वडिलांसारखा माणूस उभा असता तर ते कसे वागले असते हे मला खरंच माहीत नाही. भांडल्यावर काम झालं म्हणालात ना, तेच माझ्या मनात होतं पण मला सांगता येत नव्हतं. ११ कॉल केले मायने, एकावरही तिला भांडता आलं नाही.


केळीबाग_रावेर

माझं पण लिहितो म्हणजे कोणाचं तरी वाचेल. मागच्या वर्षी पंपाचा स्टार्टर ऑनलाइन मागवला, पार्सल आलं नाही, पैसे गेले. ॲपमध्ये चॅट होतं तर ते सारखं तेच तेच विचारायचं, "तुमची समस्या खालीलपैकी निवडा", आणि माझी समस्या खालीलपैकी नव्हतीच. मग मी गुगलवर कस्टमर केअर नंबर शोधला, वरच जो दिसला तो लावला. पहिल्या रिंगला माणसाने उचलला. इतकं गोड बोलला, "सर तुम्हाला खूप त्रास झाला, मी माफी मागतो, मी लाइनवरच थांबतो, घाई करू नका". दहा दिवसांत माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेणारा तो पहिला माणूस होता. त्याने एक ॲप टाकायला सांगितलं, मी टाकलं, ३८,००० गेले.

नंतर पोलिसांनी सांगितलं की १९३० ला लगेच फोन करायला हवा होता, पहिल्या तासाभरात केला तर पैसे मधेच अडवता येतात. मी दुसऱ्या दिवशी गेलो. लाज वाटत होती घरी सांगायची.

तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगतो की खरा नंबर लावला तर मशीन बोलतं आणि खोटा लावला तर माणूस बोलतो. ते चोर लोक हुशार आहेत म्हणून आपण फसतो असं लोक म्हणतात पण मला नाही वाटत तसं, माणसाशी बोलायला आपण किती आसुसलेले असतो ते त्यांना कळलंय. नंबर फक्त पासबुकाच्या मागे, कार्डाच्या मागे किंवा बिलावर छापलेला असेल तोच लावा. मायला पण सांगा भाऊ, नाहीतर ११ वेळा मशीन ऐकल्यावर बाराव्या वेळी कोणी "बोला आजी" म्हटलं की ती सगळं सांगून टाकेल.

आणि शेतीचं काही विचारायचं असेल तर किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१, तिथे अजून माणूसच बोलतो. २००४ पासून चालू आहे, शेतकी शिकलेली पोरं असतात, मराठीत सांगतात. करप्याचं औषध मी तिथेच विचारतो. शेतकऱ्यासाठी माणूस ठेवता येतो तर बाकीच्यांना का जमत नाही मला समजत नाही.


धुळ्याची_लेक

हे सगळं वाचून राहवलं नाही म्हणून खातं उघडून लिहितेय. मी पलीकडची आहे. म्हणजे होते. पुण्यात साडेतीन वर्षं एका कॉल सेंटरला मराठी प्रोसेसवर काम केलं, कंपनीचं नाव नको. तुमची माय ज्या बाईला शोधतेय ना भाऊ, ती बाई मी होते असं समजा.

जॉइन झाले तेव्हा पहिले तीन आठवडे ट्रेनिंग होतं. त्यात एक शब्द सारखा यायचा, एमटीआय, म्हणजे मदर टंग इन्फ्लुएन्स. मी पाणीला पानी म्हणायचे, आणीला आनी म्हणायचे, आपल्याकडे सगळेच म्हणतात. ट्रेनर सगळ्या बॅचसमोर उभं करून म्हणायला लावायची, "आपण प्रतीक्षा करावी, आपण प्रतीक्षा करावी." पन्नास वेळा. रात्री हॉस्टेलला पण मी तेच पाठ करायचे. तुमची माय चुलीपुढे पाठ करत होती ते वाचलं आणि मला एकदम तो हॉस्टेलचा जिना आठवला, मी तिथे बसून पाठ करायचे कारण खोलीत बाकीच्या झोपलेल्या असायच्या. म्हणजे आधी इकडच्या पोरीची बोली काढून घेतली आणि आता तिकडच्या म्हातारीची.

मग फ्लोअरवर गेल्यावर एएचटी, एका कॉलला सरासरी किती वेळ लागतो ते. आम्हाला २४० सेकंद होते. स्क्रीनवर घड्याळ चालू असायचं, आधी हिरवं, मग पिवळं, मग लाल. म्हातारी माणसं आधी घरची चौकशी करतात, "बेटा जेवली का" विचारतात, त्यात ३० सेकंद जातात, आणि मला त्यांना हो आजी जेवले म्हणायचं असायचं पण स्क्रिप्टमध्ये ते नव्हतं. दोन सेकंद गप्प बसलं तर टीएल, म्हणजे टीम लीडर, मागून खूण करायचा, डेड एअर होतोय बोल काहीतरी. कॉल संपताना "मी आपली आणखी काय मदत करू शकते" म्हणायचंच, समोरचा रडत असला तरी. मी म्हटलेलं आहे.

एकदा साक्री तालुक्यातल्या एका बाईंचा कॉल आला. नवरा वारला होता, त्याच्या नावाचं सिम बंद झालं होतं आणि त्यात त्याचे फोटो आहेत असं तिला वाटत होतं. बोलता बोलता ती अहिराणीवर आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, तुम्ही कोनता गावना?" ती एकदम थांबली. मग म्हणाली, "माय वो, तू आपलीच शे का!" आणि रडायला लागली आणि मी पण. मी तिला समजावलं की फोटो सिममध्ये नसतात, मोबाईलमध्ये असतात, मोबाईल आहे ना, मग फोटो आहेत, भाच्याला दाखवा तो काढून देईल. नऊ मिनिटांचा कॉल झाला. तिने हसत फोन ठेवला. त्याच आठवड्यात क्वालिटीवाल्यांनी नेमका तोच कॉल ऐकायला काढला आणि मला शून्य दिलं. कारण लिहिलं होतं, अव्यावसायिक भाषा, वैयक्तिक प्रश्न, वेळेची मर्यादा ओलांडली. ४७ टक्क्यांवर गेला स्कोअर, त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह गेला.

म्हणून मला लोकांना सांगायचंय की मशीन आलं आणि माणूस गेला असं एका दिवसात झालेलं नाही. आम्ही खुर्चीवर होतो तेव्हाच आम्हाला मशीन करून ठेवलं होतं, ठरलेलं वाक्य, ठरलेला वेळ, आवाजात गाव दिसता कामा नये. मग कोणीतरी हिशोब केला की हेच वाक्य रेकॉर्ड करून लावलं तर पगार तरी वाचेल. आमची ७० जणांची टीम होती, मी सोडलं तेव्हा २२ उरले होते. मी आता धुळ्यात एका शाळेच्या ऑफिसला आहे, पगार कमी आहे, पण पालक आले की मी विचारते कुठल्या गावचे.

मायला सांगा तिचं बोलणं चुकलेलं नाही. अजिबात नाही.


सराफगल्ली_जळगाव

ताई तुमचं वाचून डोळे भरले. बस इतकंच.


ट्रंकबोर्ड_भुसावळ

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त आहे, सुरुवातीची बारा वर्षं ट्रंक ऑपरेटर होतो, म्हणजे बाहेरगावचे कॉल हाताने जोडून द्यायचो. तेव्हा सावदा रावेरचे केळीचे व्यापारी दिल्लीला कॉल बुक करायचे, भाव विचारायला, वॅगन पोचली का विचारायला. अर्जंट आणि लाइटनिंग असे दर असायचे, लाइटनिंग फार महाग. आम्हाला प्रत्येकाचा आवाज पाठ. कॉल लागत नसेल तर सांगायचो, शेठ लाइन आज खराब आहे, तुम्ही जेवून घ्या, लागली की मी घंटी देतो. कोणाच्या घरी मयत झालं तर तो कॉल आम्ही रांगेतून पुढे काढायचो, नियमात नव्हतं, पण काढायचो.

धडगावच्या दादांनी लिहिलं ते पण खरं. ऑपरेटर म्हणून कोणाचा कॉल आधी लावायचा हे आमच्या हातात होतं आणि त्याचा गैरफायदा घेणारे माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेले मी पाहिलेत. आमच्या खात्यात एक गोष्ट जुने लोक सांगायचे, आपोआप चालणारं एक्स्चेंज ज्याने शोधलं तो अमेरिकेतला स्ट्रोजर, तो कोणी इंजिनियर नव्हता, अंत्यविधीचा धंदा करायचा. त्याची गिऱ्हाइकं ऑपरेटर बाई दुसऱ्याच धंदेवाल्याकडे जोडून देते असा त्याला संशय होता म्हणून त्याने ऑपरेटरच नको असं यंत्र काढलं, १८९१ ला पेटंट मिळालं. म्हणजे माणसाच्या पक्षपाताला कंटाळूनच एकाने यंत्र केलं. हे मी स्वतः माणूस म्हणून बोर्डावर बसून शिकलो.

पण मयताचा कॉल पुढे काढायचा निर्णय कोणत्याही यंत्राने घेतलेला मी पाहिला नाही. स्ट्रोजरच्या यंत्राला सगळे कॉल सारखे, तो त्याचा गुणही आणि तीच अडचण. मला विचाराल तर नेहमीची कामं यंत्राला द्या, शिल्लक किती, बिल किती, गाडी कुठे आली, तिथे माणूस नसला तरी काही बिघडत नाही. ज्या दिवशी माणूस घाबरलेला असतो त्या दिवशी पलीकडे माणूस पाहिजे. माझी बायको गेली त्या आठवड्यात तिचं पेन्शन खातं बंद करायला मी फोन केला होता तर यंत्राने विचारलं, "खातेधारक आपण स्वतः आहात का, हो किंवा नाही म्हणा." मला दोन्ही म्हणता येईना.


वाचनकट्टा_चाळीसगाव

काका, सावकाश घ्या. तुमच्या शेवटच्या वाक्यावर काय लिहावं कळत नाही.

जबाबदारीचं मात्र लिहितो कारण खरी गोम तिथे आहे असं मला वाटतं. कॅनडातल्या एअर कॅनडाची केस आहे, फेब्रुवारी २०२४ चा निकाल. एका माणसाची आजी वारली, त्याने कंपनीच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटला विचारलं की अशा वेळी तिकिटात सवलत मिळते का, बॉट म्हणाला आधी तिकीट काढा, नंतर अर्ज करा, पैसे परत मिळतील. कंपनीचा नियम उलटा होता, नंतर अर्ज चालत नाही. भांडण न्यायाधिकरणात गेलं तेव्हा कंपनीचं म्हणणं असं मांडलं गेलं की चॅटबॉट ही स्वतंत्र गोष्ट आहे, तिच्या बोलण्याला तीच जबाबदार. न्यायाधिकरणाने ते मान्य केलं नाही, वेबसाइट तुमची, बॉट तुमचा, पैसे द्या. बँकेत पण हेच म्हणायचं, तुमच्या मशीनने १४ मिनिटं माझ्या आईला थांबवलं म्हणजे तुम्ही थांबवलं.

आणि दुसरीकडे क्लार्ना नावाची स्वीडनची कंपनी, यांनी २०२४ च्या फेब्रुवारीत मोठ्याने सांगितलं होतं की आमचा एआय ७०० माणसांचं काम करतो, पहिल्याच महिन्यात २३ लाख संभाषणं केली. २०२५ मध्ये त्यांचाच प्रमुख म्हणाला की खर्चाकडे जास्त बघितलं, दर्जा घसरला, आणि ज्याला माणूस पाहिजे त्याला माणूस मिळालाच पाहिजे. परत माणसं घ्यायला लागले. आपल्याकडे हे शहाणपण यायला वेळ लागेल पण मागायला आपण आत्तापासून लागलं पाहिजे, मराठीत मागा आणि लेखी मागा.


बँकमित्र_पारोळा

मी गावात बँक मित्र आहे, छोटं मशीन घेऊन बसतो, पैसे काढून देणं भरणं वगैरे. ऑफिशियली माझं काम इतकंच. पण सकाळी शटर वर केलं की पाच सहा म्हाताऱ्या फोन हातात घेऊन बसलेल्या असतात, "हे काय म्हनस बघ रे भाऊ". मी स्पीकर लावतो, बटणं मी दाबतो, बोलतात त्या. मशीनला अहिराणी समजत नाही, त्यांना मशीनची मराठी समजत नाही, मी मधे. त्याचं कमिशन नाही, आणि मला त्याची तक्रारही नाही. तक्रार एका गोष्टीची आहे की त्या मला ओटीपी पण वाचून दाखवतात, पासवर्डची चिठ्ठी पण देतात. मी घेत नाही, रोज सांगतो मावशी हे मला पण सांगायचं नाही. पण त्यांच्याकडे दुसरा माणूस नाही. माझ्या जागी उद्या कोणी वाईट बसला तर काय होईल या विचाराने मला झोप लागत नाही कधीकधी.

बोरीकाठ भाऊ, तुमचं गाव माझ्याकडून लांब नसेल तर मायला घेऊन या, अर्ज मी मराठीत लिहून देतो.


बोरीकाठ_अमळनेर

मंडळी, नऊ दिवसांनी लिहितोय. सुट्टी काढून मायला घेऊन ब्रँचला गेलो. धुळ्याच्या भाऊंनी सांगितलं तसा अर्ज, दोन प्रती. तोच हिंदीवाला पोरगा होता. मी तयारीने गेलो होतो भांडायच्या, पण त्याने अर्ज वाचला आणि मायला खुर्ची दिली. मग मला म्हणाला की इथे चार माणसांचं काम मी एकटा करतो, वरून सांगितलंय की तक्रारवाले टोल फ्रीला पाठवा, मी काय करू. कॉम्प्युटरमध्ये बघितलं तर मार्च महिन्यात कोणीतरी मायच्या नावाने विम्याला टिक केलेलं निघालं. कोणी ते दिसत नाही म्हणे. शिक्का दिला, तक्रार नंबर दिला, पुढचा हप्ता बंद केला. पैसे अजून आलेले नाहीत, तीस दिवस मोजतोय, नाही आले तर चंदीगडला पत्र. त्या पोराला निघताना माय म्हणाली "येस रे बेटा", म्हणजे येते रे बेटा, त्याला कळलं नाही पण त्याने हात जोडले.

रावेरच्या भाऊंनी सांगितलं ते पण केलं, पासबुकाच्या मागे मोठ्या अक्षरात तो एकच खरा नंबर लिहून चिकटवला, बाकी कोणाचा फोन आला तर ठेवून द्यायचा असं तिला सांगितलं. पारोळ्याचे भाऊ, पुढच्या रविवारी येतो तुमच्याकडे, अर्जासाठी नाही, भेटायला.

आणि धुळ्याच्या ताई, तुमचं सगळं लिहिलेलं मी मायला वाचून दाखवलं. साक्रीच्या बाईंचं दोनदा वाचायला लावलं. मग बराच वेळ काही बोलली नाही. आत गेली, चहा टाकला, आणि तिथूनच विचारलं, "ती पोरीना नंबर शे का रे तुनाजोडे?" मी म्हटलं पैसे तर आता अर्जावर आहेत, कशाला पाहिजे. म्हणे पैशासाठी नाही.


धुळ्याची_लेक

भाऊ, तुम्हाला वेगळा मेसेज केलाय, त्यात माझा नंबर आहे. शाळा पाचला सुटते, स्वयंपाक आटोपून आठनंतर मी मोकळी असते, कितीही वेळ बोलू दे. मायले सांगा आपली बोलीमाच बोलजो, पाठ करानी काही गरज नही.